दर आठवड्याला वीस मिनिटं

शोनेन ॲनिमेचे, म्हणजे मुलग्यांसाठीच्या जपानी कार्टून मालिकांचे, चाहते भेटले की एक वाद हमखास रंगतो. गोकू आणि नारुतो समोरासमोर आले तर कोण जिंकेल, लुफीचं पारडं जड की इचिगोचं. या वादात मला कधीच फारसा रस वाटला नाही. कुणाच्या अंगात किती बळ घालायचं हे शेवटी लेखकाच्या हातात असतं. मला दुसरंच विचारावंसं वाटतं. पाचशे, सातशे, हजार भाग चालणाऱ्या गोष्टीने आपला इतका वेळ घेतला, तर त्या वेळेचं तिने केलं काय? हा प्रश्न मनात ठेवून या मालिका पुन्हा बघितल्या आणि लक्षात आलं की त्यांची थोरवी आणि त्यांचे दोष दोन्ही एकाच जागी उगम पावतात: आठवड्याच्या वेळापत्रकात. (पुढे बऱ्याच कथा उघड होणार आहेत. ज्यांना बघायच्या आहेत त्यांनी आधी बघून याव्यात.)

‘वीकली शोनेन जम्प’ हे जपानमधलं मुलग्यांसाठीचं मांगा (जपानी चित्रकथा) नियतकालिक १९६८ पासून निघतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याच्या एका अंकाचा खप ६५ लाखांवर गेला होता. जाडजूड अंक, स्वस्त कागद, त्यात एका वेळी वीसेक मालिका आणि प्रत्येकीला साधारण १७ ते २० पानं. अंकासोबतच्या कार्डावर वाचक आपल्या आवडत्या तीन मालिका कळवतात. जी सतत तळाला राहते ती गुंडाळली जाते. ‘ड्रॅगन बॉल’चे आकिरा तोरियामा, ‘वन पीस’चे एइचिरो ओदा, ‘नारुतो’चे मासाशी किशिमोतो, ‘ब्लीच’चे ताइतो कुबो, ‘हंटर एक्स हंटर’चे योशिहिरो तोगाशी, सगळे याच चरकातून गेलेले. त्यामुळे प्रकरणाच्या शेवटच्या पानावर वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत अडकवून ठेवण्याचं कसब या मंडळींच्या हाडीमाशी मुरलं आहे.

मांगा गाजला की त्याचा ॲनिमे येतो आणि तिथे गणित बिघडतं. टीव्हीवरच्या अर्ध्या तासातून जाहिराती आणि गाणी वजा केली की वीस मिनिटं उरतात. वीस मिनिटांत मांगाची दोन प्रकरणं आरामात संपतात. लेखक मात्र आठवड्याला एकच लिहितो. सुट्टी न घेता दर आठवड्याला भाग दाखवायचा, तर ॲनिमे आज ना उद्या मांगाला गाठणारच. मग एक तर गोष्टीत पाणी घालायचं, नाहीतर मधेच स्वतःची वेगळी गोष्ट घुसवायची, नाहीतर सरळ थांबायचं. आपल्याकडे संध्याकाळच्या मालिकेत पाणी घालतात ते टीआरपी चांगला असतो म्हणून. इथे घालतात ते पुढची गोष्ट अजून कागदावर उतरलेलीच नसते म्हणून.

पाणी घालण्याचा सगळ्यात गाजलेला नमुना ‘ड्रॅगन बॉल झेड’. १९८९ ते १९९६, एकूण २९१ भाग. नामेक ग्रहावर खलनायक फ्रीझा थेट ग्रहाच्या गाभ्यावर घाव घालतो आणि सांगतो, पाच मिनिटांत हा ग्रह फुटणार. ती पाच मिनिटं जवळपास दहा भाग चालतात. दोघं एकमेकांकडे रोखून बघताहेत, मागे लाव्हा उसळतोय, कुणीतरी दूरवर आ वासून उभं आहे. असं असूनही तोरियामांची मूळ चित्रं इतकी स्वच्छ आहेत की फटका कुठून आला आणि कुठे बसला हे पाच वर्षांच्या पोरालाही कळावं. आणि लांबीचा फायदाही याच मालिकेने पहिल्यांदा दाखवला. खुनशी आक्रमक म्हणून आलेला व्हेजिटा, स्वतःच्या गर्वात जळत राहिलेला व्हेजिटा, दोनशेहून जास्त भागांनंतर आपल्या मुलाला पहिल्यांदा जवळ घेतो आणि मग स्वतःला संपवायला निघतो. बारा भागांच्या मालिकेत हे दाखवता येईलही, पण त्याला वजन येणार नाही. २००९ मध्ये तोएई ॲनिमेशननेच पाणी उपसून ‘ड्रॅगन बॉल काई’ काढली. सुटसुटीत झाली, पण गोकू आणि पिकोलो गाडी चालवण्याचं लायसन काढायला जातात तो भाग त्यात उडाला. मांगात नसलेला, कथेला कसलीच गरज नसलेला भाग. विश्व वाचवणारे दोन योद्धे गोकूच्या बायकोच्या, चीचीच्या, धाकाने स्टिअरिंगमागे बसतात, ते बघून मला त्यांच्याबद्दल जी माया वाटली ती दहा लढायांनी वाटली नव्हती.

‘नारुतो’बद्दल लिहायचं तर मला जरा सावरून बसावं लागतं. तिचं दुसरं पर्व ‘शिप्पुदेन’ दर गुरुवारी यायचं आणि काही वर्षं माझ्यासाठी गुरुवार हा नारुतोचाच वार होता. तरी आज मागे वळून बघताना मला वाटतं की या मालिकेइतकं उत्तम कुणी सुरू केलं नाही आणि स्वतःच सुरू केलेल्या गोष्टीशी इतकी फारकतही कुणी घेतली नाही.

पहिल्या भागापासून विषय एकच: कुणालाही नको असलेलं पोर. गावातले आईबाप आपल्या मुलांना त्याच्याशी खेळू देत नाहीत, का ते मुलांनाही ठाऊक नाही, त्यालाही नाही. शाळेच्या परीक्षेत तो तीनदा नापास झालेला. त्याच्यासमोर निन्जांच्या बढतीच्या चुनिन परीक्षेत उभा राहतो नेजी. ह्युगा घराण्याच्या दुय्यम शाखेत जन्मला म्हणून त्याच्या कपाळावर लहानपणीच शिक्का मारलेला. थोरल्या शाखेतल्या कुणीही खूण करावी आणि त्याच्या मेंदूला वेदना व्हाव्यात असा तो शिक्का. नेजी असामान्य बुद्धीचा आहे, घराण्यात त्याच्या तोडीचं कुणी नाही, आणि तरी त्याची खात्री पटली आहे की माणूस जिथे जन्मतो तिथेच त्याचं नशीब लिहून झालेलं असतं. जन्मावरून पायरी ठरवण्याचा जुना रोग ज्या समाजात आहे त्यात वाढलेल्या माणसाला हा सामना नुसती मारामारी म्हणून बघताच येत नाही. आणि नारुतो जिंकतो तो कशाने, तर ज्या युक्तीत तो शाळेत सतत नापास व्हायचा त्याच प्रतिरूपांच्या युक्तीने.

त्याच परीक्षेतली रॉक ली आणि गारा यांची लढत मी कितीही वेळा बघू शकते. लीला निन्जांची एकही जादू येत नाही. त्याच्याकडे फक्त हातपाय आहेत आणि वर्षानुवर्षांचा सराव. गाराच्या वाळूपुढे त्याचा एकही फटका लागत नाही, तेव्हा त्याचे गुरू गाई-सेन्सेई वरून ओरडून सांगतात, काढ ते. ली पायांवरची आवरणं उतरवतो, आतून वजनं बाहेर येतात. प्रेक्षकांत कुणीतरी मनात म्हणतं, पायात वजनं बांधून सराव, हे तर जुनंच. तो ती वजनं दोन्ही हातांनी खाली सोडतो, आणि ती जमिनीला टेकतात तेव्हा अख्खा चौथरा फुटून धुळीचे लोट छतापर्यंत जातात. त्या क्षणापर्यंत आपण लीकडे विनोदी पात्र म्हणून बघत असतो. पुढे तो हरतो. हातपाय चिरडले जातात, शुद्ध हरपते, आणि तशाच अवस्थेत तो पुन्हा उठून लढण्याच्या पवित्र्यात उभा राहतो. गाई त्याला मिठीत घेऊन रडतात. मुलांच्या मालिकेने प्रयत्नांची थोरवी गाताना प्रयत्न करणाऱ्याला हरवून दाखवावं, यात केवढी हिंमत आहे.

मग पुढे काय झालं? नारुतो चौथ्या होकागेचा, म्हणजे गावाच्या प्रमुखाचा, मुलगा निघाला. आईकडून तो नावाजलेल्या उझुमाकी कुळाचा. शेवटी शेवटी तर तो आणि त्याचा मित्र सासुके म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या दोन दैवी भावांचे पुनर्जन्म ठरले. नेजीशी लढताना नारुतोने जे खोडून काढलं होतं तेच किशिमोतोंनी शेवटी नायकाच्या पदरात घातलं, आणि नेजीला महायुद्धात मारून टाकलं. मला याचा राग येतो, अजूनही. ओबितो आणि मादारा या खलनायकांच्या मागून अचानक कागुया नावाची चंद्रदेवी खलनायिका म्हणून येते, तेव्हा तर सातशे प्रकरणं आपण ज्यांच्या दुःखांचा हिशेब ठेवला ती माणसंच बाजूला पडतात. त्या सगळ्यात एकच दिलासा: गाई-सेन्सेई शरीरातल्या बळाचा आठवा, शेवटचा दरवाजा उघडून मादाराला जवळजवळ संपवतात. घराणं नाही, दैवी वारसा नाही, फक्त सराव. लीचं देणं निदान त्याच्या गुरूच्या हातून फेडलं गेलं.

आणि ॲनिमेचा वेगळा दोष म्हणजे फिलर, मांगात नसलेले भरतीचे भाग. सासुकेला परत आणण्याची मोहीम फसते तो १३५ वा भाग. त्यानंतर पहिल्या मालिकेचा शेवट २२० व्या भागाला, आणि मधलं जवळजवळ सगळं मांगाबाहेरचं. दीड वर्षाहून जास्त काळ, मित्र हरवल्याची जखम ओली असताना, नारुतो कुठल्याशा राजकन्येची राखण करत फिरतो. ‘शिप्पुदेन’मध्ये ५०० भाग झाले; महायुद्ध ऐन शेवटाला आलेलं असताना गावप्रमुख त्सुनादेच्या स्वप्नातली, नारुतोचा गुरू जिराया याने लिहिलेली पर्यायी गोष्ट सुरू होते आणि कितीतरी आठवडे संपत नाही. जिरायाच्या मृत्यूने आणि पेनच्या हल्ल्याने जे उभं केलं होतं, गाव उद्ध्वस्त होणं, सूड आणि क्षमेचा खरोखर अवघड प्रश्न, त्याची धग या पाण्याने विझत गेली. पेनची कथा मात्र सलग बघावी. नागातोच्या, पेनमागच्या खऱ्या माणसाच्या, तोंडून युद्धाचं गणित ऐकताना नारुतोकडे उत्तर नसतं, आणि उत्तर नाही हे तो कबूल करतो, हे मला त्या मालिकेतलं सर्वांत प्रामाणिक पान वाटतं.

‘ब्लीच’चा आजार हाच, पण लक्षणं अधिक वाईट. रुकिया या मैत्रिणीला मृत्युदंडापासून सोडवायला नायक इचिगो सोल सोसायटीत, मृतात्म्यांच्या जगात, घुसतो तो भाग शोनेनमधल्या सर्वोत्तम कथांपैकी एक आहे: तेरा पथकं, तेरा कप्तान, प्रत्येकाची तलवार वेगळी, आणि अखेरीस त्या कप्तानांपैकी आयझेन चश्मा काढतो तेव्हा आतापर्यंत घडलेल्या सगळ्याचा अर्थच बदलतो. नंतर कुबोंनी तोच साचा इचिगोच्या दुसऱ्या मैत्रिणीसाठी, ओरिहिमेसाठी, पुन्हा वापरला आणि ते जाणवतं. पण ॲनिमेने केलं ते विलक्षणच. हुएको मुंदोच्या वाळवंटात ओरिहिमेची सुटका अर्ध्यावर आहे, इचिगो रक्तबंबाळ आहे, आणि १६८ व्या भागात अचानक सगळे पृथ्वीवर आपापल्या जागी ठणठणीत, तिसऱ्या पथकाला अमागाई नावाचा नवा कप्तान आलेला. वीसेक भाग ही गोष्ट चालते आणि मग पुन्हा वाळवंट. २०१२ मध्ये ३६६ भागांवर ॲनिमे बंद पडला तेव्हा मांगा पूर्ण व्हायचा होता. शेवटचं पर्व २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच स्टुडिओ पियेरोने हाती घेतलं, या वेळी पूर्ण मांगा समोर ठेवून, टप्प्याटप्प्याने, आणि घाईत उरकलेल्या शेवटात कुबोंच्या सल्ल्याने भर घालून. तोच स्टुडिओ, तीच पात्रं, शिरो सागिसूंचंच संगीत. फरक फक्त मोकळ्या वेळेचा आणि तो प्रत्येक चौकटीत दिसतो.

‘हंटर एक्स हंटर’ने तिसरी वाट धरली. मॅडहाउसची २०११ ची मालिका १४८ भागांत थांबली, तीत फिलर जवळजवळ नाही. पण मला तिच्याबद्दल सांगायचं आहे ते काळाविषयीच. नामेकच्या पाच मिनिटांबद्दल वर लिहिलं. किमेरा मुंग्यांच्या कथेत राजवाड्यावर हल्ला होतो तेव्हा तोगाशीही तेच करतात: काही मिनिटांचा प्रसंग भागामागून भाग चालतो. निवेदक सेकंदं मोजतो. जिन्यावर एक पाऊल पडतं आणि त्या एका पावलात चार जणांच्या मनात काय चाललं आहे ते आपल्याला कळतं. युपी दार ओलांडतो, शूटच्या अंगाला घाम फुटतो, किलुआ निर्णय घेऊन मोकळा झालेला असतो. इथे ताण येतो तो माहिती वाढत जाते म्हणून. फ्रीझाच्या लढाईत दहा भागांनंतर आपल्याला पहिल्या भागापेक्षा नवीन काहीच कळलेलं नसतं. इथे प्रत्येक सेकंदाला बाजू बदलते.

आणि मग ते दालन. मानवभक्षक मुंग्यांचा राजा मेरुएम, ज्याने माणसं किड्यामुंगीसारखी चिरडली, तो हातात एका जखमी मुलीला घेऊन उभा आहे. कोमुगी. आंधळी, शेंबडी, गरीब घरातली, गुंगी नावाच्या पटावरच्या खेळात जगज्जेती. तिला त्याने एकदाही हरवलेलं नाही. तो आपल्या सेविकेला, पितोला, तिला वाचवायला सांगतो. थोड्या वेळाने तिथे गोन पोहोचतो, आपला नायक, मित्राच्या हालांमुळे सूडाने आंधळा झालेला, आणि पितो त्या मुलीवर हात पसरून गुडघ्यांवर बसून विनवते की मला हिला बरं करू दे. गोनला ते ऐकूच येत नाही. राक्षस कोण आणि माणूस कोण, हे तिथे तोगाशी कुणालाही न सांगता उलटवून टाकतात. शोनेनच्या चौकटीत यापेक्षा मोठं काही मी बघितलेलं नाही.

या मालिकेचं दुखणंही ठाऊक आहे: ती अपुरी आहे. मांगा १९९८ मध्ये सुरू झाला, तोगाशींची पाठ त्यांना बसू देत नाही, वर्षवर्ष खंड पडतो, ४०० वं प्रकरण यायला २०२२ उजाडलं. आठवड्याला वीस पानं या हिशेबाने माणसाच्या शरीराचं काय होतं याचा हा पुरावा आहे आणि म्हणून त्या खंडांबद्दल मी कधी तक्रार करत नाही.

एका गोष्टीत मात्र हे सगळेच कमी पडले: बायका. साकुराला किशिमोतोंनी वैद्यकशास्त्र दिलं, गुरू दिली, मुठीत बळ दिलं आणि तरी निर्णायक क्षणी ती सासुकेचं नाव घेऊन रडते. ओरिहिमेकडे घडलेलं अनघडलं करण्याची शक्ती आहे, जी खरंतर आयझेनलाही भारी पडावी. कथेत तिचं काम कुणीतरी येऊन सोडवण्याची वाट बघणं एवढंच. रुकियासारखी सुरुवातीची दमदार मुलगीसुद्धा मधे शेकडो भाग पाठीमागे उभी असते. लांब मालिकेला वेळेची कमतरता हे कारण देता येत नाही. वेळ होता, तो द्यावासा वाटला नाही. ‘वन पीस’मध्येही बायकांच्या शरीरांची चित्रं पुढे पुढे इतकी एकसाची होत गेली की त्रास होतो. पण लुफीच्या चाचेटोळीतल्या नामी आणि रॉबिन यांना ओदांनी जे दिलं ते इतरांनी आपल्या नायिकांना दिलं नाही: स्वतःचं दुःख, आणि मदत मागण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा.

‘वन पीस’. मांगा १९९७ पासून, ॲनिमे १९९९ च्या ऑक्टोबरपासून, हजारावा भाग २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये. आधी दोष, कारण ते झाकण्यासारखे नाहीत. तोएईने फिलर कमी ठेवले, पण पाणी भरपूर घातलं. ड्रेसरोझाची कथा ११८ भाग चालते, म्हणजे एका भागात मांगाचं एक प्रकरणही पुरतं येत नाही. सुरुवातीचं गाणं अडीच मिनिटांचं, मग मागच्या भागाची उजळणी, मग खलनायक दोफ्लामिंगोचा पिंजरा आणखी थोडासा आकुंचन पावतो, लोक पळतात, प्रत्येक पात्राचे डोळे विस्फारतात. माझी दहावीतली भाची शेजारी बसून बघत होती, ती म्हणाली, “मावशी, हे सगळे अजून किती वेळ नुसते ओरडत उभे राहणार?” मी म्हटलं, “अगं, पुढे ने.” ड्रेसरोझाला दुसरा इलाज नाही. रिकू राजाची, रेबेकाची, त्या खेळण्यांची कथा मांगात काळजाला हात घालते आणि ॲनिमेत ती अक्षरशः पातळ होते.

तरी “मग मांगाच वाच” हा सल्ला मला पूर्ण पटत नाही. स्कायपियाहून खाली येताना लुफीचं जहाज थेट नौदलाच्या किल्ल्यात पडतं, ती जी-एटची कथा ॲनिमेवाल्यांनी स्वतः रचली आहे, ओदांची नाही. किल्ल्यातून बाहेर पडायचं, बस, एवढंच कथानक. पण त्यात लुफीचा स्वयंपाकी सांजी नौदलाच्या खानावळीत शिरतो आणि उरल्यासुरल्या भाज्यांतून शेकडो सैनिकांचं जेवण करतो; चॉपर डॉक्टर म्हणून जखमींपासून दूर राहू शकत नाही; समोरचा अधिकारी जोनाथन दुष्ट नाही, हुशार आहे आणि त्याला मासेमारी आवडते. लिहिणाऱ्यांना ही माणसं किती कळली होती हे त्या दहा-अकरा भागांत दिसतं. आणि एक हजार पंधरावा भाग: मेगुमी इशितानी यांनी दिग्दर्शित केलेला, ओनिगाशिमाच्या छतावरचा. कागदावर जे होतं त्याला रंग, वारा आणि आवाज दिल्यावर काय होऊ शकतं ते तिथे बघावं. लुफीचा आवाज १९९९ पासून मायुमी तानाका यांचाच आहे. त्यांची सत्तरी उलटली. इतकी वर्षं एकाच पोरासाठी ओरडलेला गळा मांगाच्या पानात कुठून येणार?

ओदा लांबीचं काय करतात ते मात्र इतर कुणाला जमलेलं नाही. ॲनिमेत २००१ च्या सुमाराला एक देवमासा भेटतो, लाबून. डोकं जखमांनी भरलेलं. तो रेड लाइनच्या खडकावर ते आपटत राहतो. ज्या चाच्यांनी त्याला दीपगृहाच्या म्हाताऱ्याकडे ठेवलं, ते परत येतो म्हणून गेले त्याला पन्नास वर्षं झाली. लुफी त्याच्याशी मुद्दाम भांडण काढतो, लढत अनिर्णित आहे, परत येऊन पूर्ण करू असं सांगतो आणि त्याच्या डोक्यावर आपलं वेडंवाकडं चिन्ह रंगवतो, म्हणजे ते पुसू नये म्हणून तरी हा डोकं आपटणार नाही. दोन भाग. गंमतीचा प्रसंग म्हणून आपण पुढे जातो.

सात-एक वर्षांनी, २००८ मध्ये, धुक्यातल्या जहाजावर एकटा राहणारा एक सांगाडा भेटतो. ब्रूक. विनोदी, चावट, व्हायोलिन वाजवणारा. ३८० व्या भागात त्याची हकिगत कळते. विषाने मरायला टेकलेलं अख्खं जहाज देवमाशासाठी गाणं रेकॉर्ड करतं, आपण मजेत गेलो हे त्याला कळावं म्हणून. सगळे मिळून वाजवायला लागतात. एकेक वाद्य गळत जातं. चौघं उरतात, मग तिघं, मग दोघं, मग एकट्याचा पियानो. गाणं आनंदाचं आहे, ते कुणीही संथ करत नाही. तो देवमासा लाबून. सात वर्षं ही गोष्ट आपल्यासोबत होती आणि आपल्याला ठाऊक नव्हतं. त्या सात वर्षांत माझं शिक्षण संपलं होतं, घर बदललं होतं, आणि त्या गाण्यात तेही सगळं येऊन मिसळलं. शेल्फवर सगळे भाग तयार ठेवून दोन दिवसांत बघितले तर कथा तीच राहील, पण बघणाऱ्याच्या आयुष्याची ती सात वर्षं त्यात नसतील.

आता काळ बदलला आहे. ‘डेमन स्लेयर’चा मांगा २०२० मध्ये २३ खंडांत आटोपशीर संपला, यूफोटेबल स्टुडिओने २०१९ पासून तो हंगामाहंगामाने केला आणि प्रत्येक लढत सिनेमाच्या तोडीची. फिलर नाही, पाणी नाही. माझ्या भाचीने तो बघता बघता संपवला आणि रेंगोकूच्या मृत्यूला ती रडली. मीही रडले. पण रेंगोकूची ओळख होते आणि तो जातो, हे जवळजवळ एकाच गाडीच्या प्रवासात उरकतं. त्याच्याबरोबर घालवलेली एकही निरुद्देश दुपार आपल्याकडे नसते. ‘वन पीस’मध्ये अलाबास्ताच्या वाळवंटात लुफीला, आपल्या भावाला, भेटायला आलेला एस मारिनफोर्डला मरतो, तेव्हा मधे आठ-नऊ वर्षं गेलेली असतात. दोन्ही मृत्यू चांगले लिहिलेले आहेत. मला एसचा अजून सलतो.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं की २०२६ पासून ‘वन पीस’ही वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग दाखवणार. मला आनंदच झाला. चित्र काढणाऱ्या हातांना विश्रांती मिळेल, ड्रेसरोझा पुन्हा होणार नाही. ओदांची कथा आता तिच्या शेवटच्या पर्वात आहे आणि तिला घाई नको, तशी ओढाताणही नको. आठवड्याची सवय मोडेल, पण वर्षांची सोबत राहील.

भाचीने आता ‘वन पीस’ पहिल्यापासून लावलं आहे. उजळणी पुढे नेते, सुरुवातीची गाणी मात्र पूर्ण ऐकते. जी-एट गाळायचं नाही एवढीच अट मी घातली आहे. सध्या ती अलाबास्ताला पोहोचली आहे आणि खलनायक क्रोकोडाइलच्या बाजूने हसत उभी असलेली ती रॉबिन तिच्या डोक्यात जाते. “असली बाई कशाला घेतली असेल ह्यांनी कथेत,” असं परवा म्हणाली. मी तिला अजून काहीही सांगितलेलं नाही.